जुन्या मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची तेलगळती: शोध आणि दुरुस्ती

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांची १९६५ ची शेव्हरले इम्पाला उभी असते. ती ज्या वर्षी हाती आली त्या वर्षी रोज रात्री तिच्या पोटाखाली वर्तमानपत्राचा ताव अंथरावा लागे आणि सकाळी त्यावर कुंकवाच्या करंड्याएवढा तांबडा डाग पडलेला असे. एका नावाजलेल्या गॅरेजने डाग पाहताक्षणी पुढचे सील, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या तोंडाशी तेल अडवणारी रबरी कडी, गेल्याचे सांगितले, गिअरबॉक्स उतरवला, सील बदलले, तीन आठवड्यांनी गाडी परत दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी डाग होता तिथेच होता. खरी गळती निघाली ती गिअर निवडण्याच्या दांड्यावरच्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या एका सीलमधून, आणि ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याची काहीही गरज नव्हती. पुढे जी पद्धत मांडली आहे ती त्या खर्चातून शिकलेली आहे, आणि तिचा अर्धा भाग पाना हाती घेण्यापूर्वीचा आहे. ज्यांनी हे काम पूर्वी केलेले नाही त्यांनी तो अर्धा भाग गाळू नये.

उदाहरण म्हणून पॉवरग्लाइड हा शेव्हरलेचा दोन गतींचा गिअरबॉक्स घेतला आहे. तो १९५० मध्ये आला, १९६२ पासून ॲल्युमिनियमच्या आवरणात मिळू लागला आणि १९७३ पर्यंत बनत राहिला. त्या काळातल्या इतर अमेरिकन गाड्यांचे गिअरबॉक्स रचनेत वेगळे असले, तरी गळण्याच्या जागा बहुतेक त्याच असतात. आकडे आणि मापे मात्र आपल्या गाडीच्या मूळ मॅन्युअलमधूनच घ्यावीत.

उभी गाडी जास्त का गळते

साध्या गिअरबॉक्समधले तेल केवळ दात्यांना वंगण पुरवते. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या तेलाने भरलेल्या गोल डब्यातून, पुढे नेते, क्लच दाबते, बँड (आतले पट्टे) आवळते, व्हॉल्व्ह सरकवते आणि तापून रेडिएटरमध्ये निवायलाही जाते. एकूण तेलाचा मोठा भाग कन्व्हर्टरमध्ये असतो. इंजिन चालू असेपर्यंत पंप तो भरलेला ठेवतो; गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की त्यातले तेल हळूहळू खाली चेंबरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी बोल्टने बसवलेल्या पत्र्याच्या तबकात, उतरते. चेंबरमधली पातळी मग नेहमीपेक्षा बरीच वर चढते आणि एरवी तेलाच्या वर, कोरडी राहणारी सिले तेलात बुडतात. जुनी गाडी वापरात कमी आणि कौतुकात जास्त असल्यामुळे तिची सिलेही वाळून कडक झालेली असतात. म्हणून रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा महिन्यातून एकदा बाहेर निघणारी गाडी अधिक गळते, आणि म्हणूनच दर आठवड्याला ती पंधरा-वीस किलोमीटर फिरवणे हा दुरुस्तीचा सर्वांत स्वस्त भाग आहे.

याच कारणामुळे गळती उभ्या गाडीची आहे की चालत्या गाडीची, हा पहिला प्रश्न ठरतो. रात्रभरात थेंब पडत असतील आणि इंजिन चालू असताना कोरडे राहत असेल, तर दांड्याचे सील किंवा चेंबरचे गास्केट (चेंबर आणि आवरण यांच्यामधली चपटी जोडपट्टी) यांच्यावर संशय घ्यावा. इंजिन चालू असताना धार लागत असेल, तर दाबाखाली असलेल्या जागा, म्हणजे कूलरच्या नळ्या आणि पुढचे सील, पाहाव्यात.

तेल कोणते, पातळी किती

डागावर पांढरा कागद टेकवून रंग पाहावा. ऑटोमॅटिकचे तेल तांबडे असते, इंजिनचे काळपट-तपकिरी, आणि मागच्या डिफरन्शिअलच्या (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या पेटीच्या) तेलाला एक उग्र, गंधकासारखा वास असतो. नवशिक्या इथे एका गोष्टीत हमखास फसतो: बऱ्याच गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच तांबडे तेल घातलेले असते, आणि तिथली गळती चौकटीवरून ओघळत मागे येऊन गिअरबॉक्सच्या तोंडाशी टपकते. तेव्हा स्टिअरिंग पंपाच्या टाकीतली पातळीही लिहून ठेवावी. तेल गुलाबी दुधासारखे दिसत असेल, तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून पाणी तेलात मिसळले आहे; अशी गाडी चालवू नये, कारण क्लचच्या अस्तराला पाण्याने लवकर इजा होते.

पातळी गरम तेलावर, इंजिन मंद चालू ठेवून, सपाट जागी तपासतात. लिव्हर पार्कमध्ये ठेवायचा की न्यूट्रलमध्ये, हे कंपनीनुसार बदलते. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये तर न्यूट्रलच ठेवावा लागतो, कारण पार्कमध्ये पंपाचे तेल कन्व्हर्टरकडे जात नाही. इंजिन बंद करून डिपस्टिक पाहिली तर पातळी भलतीच वर दिसते. उलट थंड तेलावर फुल खुणेपर्यंत भरले, तर ते तापल्यावर फुगून पातळी जास्त होते. जास्त झालेले तेल फिरत्या भागांना लागून फेसाळते आणि हवेच्या छिद्रातून बाहेर पडते. ते छिद्र वरच्या बाजूला असल्यामुळे तेल पुढच्या बाजूने ओघळते आणि हुबेहूब पुढचे सील गळल्यासारखे दिसते. काहीही उघडण्यापूर्वी पातळी बरोबर करावी आणि दोन दिवस थांबावे; कित्येकदा काम इथेच संपते.

गाडी उचलणे आणि उगम शोधणे

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. सुमारे साडेपाच मीटर लांबीची आणि पावणेदोन टनांच्या आसपास वजन असलेली ही गाडी चार मजबूत घोड्यांवर (लोखंडी जॅक स्टँडवर), पक्क्या फरशीवर घ्यावी. आमच्या शेडमध्ये मातीची जमीन आहे. पावसाळ्यात घोडीचे पाय मातीत बोटभर रुतले तेव्हापासून आम्ही खाली जाड लोखंडी पत्रे टाकतो. गाडी घोड्यांवर बसल्यावर तिला बाजूने जोराने हलवून पाहावे. ती हलणार असेल तर आपण बाहेर असतानाच हललेली बरी.

आता धुणे. वर्षानुवर्षांची माती आणि तेल यांची साय चढलेल्या गिअरबॉक्सवर कुठलीच गळती सापडत नाही. लांब दांड्याच्या ब्रशने घट्ट मळ खरवडून काढावा, डिग्रीझर लावावा, धुऊन पूर्ण वाळू द्यावे. इंजिनाची मागची बाजूही तितकीच स्वच्छ करावी, कारण व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या टोकाची गळतीही खाली येऊन गिअरबॉक्सच्याच नावावर जमा होते. आवरण वाळल्यावर त्यावर शंखजिऱ्याची किंवा साध्या टाल्कम पावडरीची पातळ भुकटी उडवावी. तेल त्या भुकटीवर गडद ओघळ काढत येते, आणि तो ओघळ खालून वर वाचत गेले की उगम सापडतो.

तेल नेहमी खाली आणि मागे जाते. चालत्या गाडीखालचा वाराही त्याला मागेच ढकलतो. म्हणून डाग जिथे पडतो तिथे गळती क्वचितच असते. ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा ही खरी संशयित. गाडी प्रथम जागेवर दहा मिनिटे चालू ठेवून टॉर्चने पाहावी, मग एक फेरी मारून आणून पाहावी, आणि शेवटी रात्रभर खाली पुठ्ठा ठेवून त्यावर गाडीच्या चाकांच्या खुणा करून सकाळी पाहावे. तिन्ही वेळचे डाग कागदावर काढून ठेवावेत. काकांना हा प्रकार पोरखेळ वाटला होता, तिसऱ्या दिवशी तेच स्वतः टॉर्च धरून खाली आडवे झाले आणि म्हणाले, "अरे, हे तर लिव्हरच्या दांड्यापाशी ओलं आहे!"

एक गळती मात्र जमिनीवर दिसतच नाही. ॲल्युमिनियमच्या पॉवरग्लाइडला व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची डबी असते, आणि एक रबरी नळी तिला इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डशी जोडते. डबीतला पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळू लागते. पातळी घटते, फरशी कोरडी राहते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. नळी डबीवरून काढून तिच्या टोकात तांबडे तेल आहे का ते पाहावे. असेल तर निदान झाले. डबी बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. धूर पाहून इंजिनाच्या रिंगा बदलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

चेंबरचे गास्केट

नवशिक्याने सुरुवात इथून करावी, कारण चेंबर उघडल्यावर गिअरबॉक्सची प्रकृतीही कळते. या गाडीचे बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३ मिलिमीटरचा पाना बसतो खरा, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्या सैलपणामुळे घट्ट बोल्टचे कोपरे झिजतात. इंची गोट्यांचा (सॉकेट पान्यांचा) एक संच आधी मिळवावा.

पॉवरग्लाइडच्या चेंबरला १४ बोल्ट असतात. तेल कोमट असताना, म्हणजे हात भाजणार नाही अशा बेताने, खाली रुंद परात ठेवून एका बाजूचे बोल्ट पूर्ण काढावेत आणि समोरच्या बाजूचे दोन-तीन फेरे सैल करावेत. चेंबर कलतो आणि तेल एका कोपऱ्यातून उतरते. सगळे बोल्ट एकदम काढले की दोन-तीन लिटर तेल थेट छातीवर येते, हे सांगायला मला फार दूर जावे लागत नाही.

चेंबरच्या तळाशी करड्या रंगाचा बारीक लेप असला तर तो वयाचा परिणाम, काळजी नाही. पितळेचे चकाकते तुकडे, लोखंडाचे कण किंवा काळ्या अस्तराची जाड साय असेल, आणि तेलाला करपलेला वास असेल, तर गळती हा लहान प्रश्न आहे. गिअरबॉक्स पूर्ण उघडण्याची वेळ आली आहे, आणि ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

जुने गास्केट प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडावे. ॲल्युमिनियमवर पोलादी धार चालवली की पडलेला ओरखडा हीच नवी गळती होते. मग चेंबरची कड सपाट काचेवर ठेवून पाहावी. पूर्वी कोणीतरी बोल्ट अतोनात आवळलेले असतात आणि प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा वर उचललेला असतो. नवे गास्केट कितीही चांगले असले तरी अशा कडेवर ते गळणारच. कड लाकडाच्या ठोकळ्यावर धरून, लहान हातोडीने हलके ठोकून सपाट करावी. आमच्याकडे या एका कामाला एक अख्खी दुपार गेली, आणि माझ्या मते चेंबरच्या गळतीत गास्केटपेक्षा ही कडच अधिक वेळा दोषी असते.

गास्केट कोरडेच बसवावे. ते जागेवर राहत नसेल तर व्हॅसलीनचे चार ठिपके पुरतात, कारण व्हॅसलीन तेलात विरघळते. सिलिकॉनची ट्यूब पिळण्याचा मोह टाळावा. आतल्या बाजूला आलेली त्याची दोरी तुटून जाळीत किंवा व्हॉल्व्हच्या मार्गात अडकते. बोल्ट आधी हाताने लावावेत, मग मध्यापासून बाहेर, समोरासमोरचे घेत दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. अशा चेंबरांना साधारण ८ ते १२ फूट-पौंड, म्हणजे ११ ते १६ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. हात सवयीने याहून पुष्कळ जास्त देतो, म्हणून टॉर्क रेंच उसना आणावा पण अंदाजाने आवळू नये. कॉर्कचे गास्केट एकदा तापून निवल्यावर थोडे बसते. तेव्हा तेवढ्याच मापाने आणखी एक फेरी घ्यावी.

दांड्याचे सील

ज्या सीलने आम्हाला छळले ते गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला, लिव्हरच्या जोडणीमागे असते. जोडणी सोडण्यापूर्वी तिची जागा खुणेने टिपून ठेवावी, नाहीतर लिव्हर पार्क दाखवतो आणि गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये राहतो. बाहेरचा लिव्हर काढला की सील दिसते. बारीक टोच्याने त्याची कड उचकावी, पण टोचा दांड्याला लागू देऊ नये. दांड्यावर सीलचा ओठ, म्हणजे त्याची आतली रबरी कड, टेकतो तिथली उभी चर नव्या सीललाही गळवते. दांड्यावर गंज असेल तर अतिबारीक पॉलिश पेपर दांड्याभोवती गोल फिरवावा, लांबीच्या दिशेने घासू नये. नव्या सीलच्या ओठाला तेल लावून, दांड्याच्या धारेवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून ते सरकवावे, आणि सीलच्या बाहेरच्या कडेएवढी गोटी टेकवून सरळ आत बसवावे. तिरके गेले तर काढून नवेच घ्यावे.

मूळ सील परदेशातून मागवता येते. पण जुन्या सीलवर छापलेला आकडा किंवा व्हर्नियरने घेतलेली आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे हाती असली, तर ऑइल सीलच्या दुकानातही पुष्कळदा जुळणारे मिळते. आमच्यासारख्या शहरात, जिथे मकरपुरा जीआयडीसीत यंत्रांचे कारखानेच कारखाने आहेत, तिथे हा शोध सोपा आहे. रबराचा प्रकार विचारून घ्यावा: साधे नायट्राइल चालते, पण तापणाऱ्या जागी व्हिटॉन अधिक टिकते.

शेपटीचे सील, नळ्या आणि पुढचे सील

मागच्या टोकाचे सील बदलण्यासाठी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलकडे जाणारा लांब दांडा) उतरवावा लागतो. गाडीची मागची बाजू उंच ठेवली की तेल सांडत नाही. शाफ्ट काढण्यापूर्वी त्याचे योक, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणारे टोक, हाताने वरखाली हलवून पाहावे. ते जाणवण्याइतके हलत असेल, तर आतला बुश (योक ज्यात फिरते ती धातूची कडी) झिजलेला आहे आणि नुसते सील सहा महिनेही टिकणार नाही. दोन्ही एकत्र बदलावेत. शाफ्ट आणि डिफरन्शिअलच्या जोडणीवर खूण करून ठेवावी आणि तो त्याच जागी परत लावावा.

कूलरच्या नळ्यांत आपल्याकडच्या जुन्या दुरुस्त्या सापडतात. कुठे पोलादी नळीऐवजी तांब्याची नळी बसवलेली असते; ती कंपनाने ताठ होत जाऊन शेवटी चिरते. कुठे मधला तुकडा पेट्रोलच्या साध्या रबरी नळीचा असतो, जो गरम तेलात फुगतो. पोलादी नळी आणि तेलासाठीच बनवलेली रबरी नळी घ्यावी. नट सोडताना दुसऱ्या पान्याने रेडिएटरकडचा भाग धरून ठेवावा.

पुढचे सील मात्र शेवटी, बाकी सर्व जागा कोरड्या असल्याची खात्री पटल्यावरच हाती घ्यावे, कारण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवणे भाग आहे आणि हे एकट्याचे काम नाही. करायचेच झाले तर कन्व्हर्टरच्या मानेवर सीलने पाडलेली चर नखाला लागते का ते पाहावे आणि पंपाचा बुशही तपासावा. परत जोडताना कन्व्हर्टर फिरवत आत ढकलला की तो टप्प्याटप्प्याने टकटक करत बसतो. पूर्ण बसल्यावर, गिअरबॉक्स इंजिनाला भिडलेला असताना, कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागची पातळ पोलादी तबकडी) यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे. फट नसेल तर तो पंपाच्या दात्यांवर अडकला आहे. तशातच बोल्ट आवळले की पंप फुटतो.

गळती बंद करणाऱ्या बाटल्यांबद्दल लोक विचारतात. त्या सिलांचे रबर मऊ करून फुगवतात. नुसते कडक झालेले सील काही महिने निभावून नेतील, पण झिजलेला बुश किंवा वाकलेली कड त्यांनी सुधारत नाही. आमच्या गाडीत मी त्या वापरलेल्या नाहीत.

तेल भरणे

या गाडीला मुळात टाइप ए सफिक्स ए हे तेल लागत असे. त्याची जागा १९६७ च्या सुमारास डेक्सरॉनने घेतली. (१९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अशा तेलांत स्पर्म देवमाशाचे तेल मिसळत, ते बंद झाल्यावर नवे मिश्रण शोधावे लागले.) आज डेक्सरॉन तीनच्या दर्जाचे तेल या गिअरबॉक्सला चालते. फोर्डचे टाइप एफ यात घालू नये, आणि "हायड्रॉलिकचं कोणतंही चालतं" असे सांगणाऱ्या दुकानदाराकडून तेलच घेऊ नये.

चेंबर उतरवल्यावर जेवढे तेल निघाले तेवढे मोजून ठेवावे आणि त्याहून अर्धा लिटर कमी भरून इंजिन चालू करावे. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी काही क्षण थांबवत फिरवावा, मग पातळी पाहून पाव-पाव लिटर घालत जावे. डिपस्टिकवरच्या ॲड आणि फुल या खुणांमधले अंतर साधारण अर्ध्या लिटरचे असते, एवढे लक्षात ठेवले तर जास्त भरले जात नाही. जुने तेल झाकणाच्या डब्यात भरून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावे. बडोद्याचे नाले शेवटी विश्वामित्रीला मिळतात, आणि तिच्यातल्या मगरींना आपल्या शहराच्या घाणीचा आधीच पुरेसा वाटा मिळतो.

पहिल्या दिवशी वीस किलोमीटरची फेरी मारून, गाडी गरम असतानाच खाली टॉर्च फिरवावा. त्यानंतर गाडी मुद्दाम पंधरा दिवस उभी ठेवावी, म्हणजे कन्व्हर्टरमधले तेल उतरून सिलांची खरी परीक्षा होते. आमच्या इम्पालाखाली सोळाव्या दिवशी काकांनी ताव ओढून उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि घडी घालून रद्दीत टाकला.